गाडी दुरुस्त करायची की विकायची?



एरवी या वेळेला मी तुमच्याशी बचतीबद्दल, कर्जाच्या हप्त्यांबद्दल नाहीतर मालाच्या पॅकिंगबद्दल बोलते. आज बोलणार आहे गाडीबद्दल. आपल्या भागातल्या बऱ्याच गटांना आता स्वतःची गाडी असावी असं वाटू लागलंय. माल बाजारात न्यायचा असतो, प्रदर्शनाला जायचं असतं, आणि नवी गाडी काही परवडत नाही. मग जुनी बघितली जाते. आमच्या गटानेही अशीच एक जुनी व्हॅन घेतली. वर्षभरात ती आम्ही चालवली कमी आणि ढकलली जास्त. त्या वर्षात काय झालं, कुठे चुकलं आणि त्यातून हिशोबाची कोणती रीत सापडली, ते आज सांगते. त्यात माझीही एक चूक आहे. तीही सांगणार आहे.

आम्ही अकरा जणी. पापड, कुरडया, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी करतो. माण तालुक्यातून माल साताऱ्याला आणि आसपासच्या बाजारांना जातो. महिन्याला साधारण तीन फेऱ्या होतात. आधी भाड्याचा टेम्पो करायचो, एका फेरीला १,६०० रुपये. मी बैठकीत फळ्यावर हिशोब मांडला : स्वतःची गाडी असेल तर फेरीला पेट्रोल ७०० रुपयांचं, म्हणजे फेरीमागे ९०० रुपये वाचले. वर्षाला ३६ फेऱ्या, म्हणजे ३२,४०० रुपये. गाडीची किंमत १,२०,००० रुपये. चार वर्षांच्या आत गाडी फुकटात! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडी अकरा वर्षं जुनी होती, पण रंग नवा होता. गटाच्या नावावर गाडी होत नव्हती, म्हणून अध्यक्ष काकूंच्या नावावर केली.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात बॅटरी गेली. जुन्या गाडीत बॅटरी जाणारच, म्हणून नवी टाकली. मग पाण्याचा होस पाइप फुटला. मग रेडिएटरला टाके घातले. मग वॉटर पंप. दर वेळी गॅरेजवाले म्हणायचे, "ताई, एवढं केलं की आता बघायला नको." आणि दर वेळी आम्हाला ते खरं वाटायचं.

सातव्या महिन्यात साताऱ्याच्या प्रदर्शनाहून परत येत होतो. कोरेगाव सोडलं, अंधार पडला, आणि वर्धनगडच्या घाटात गाडीच्या तोंडातून वाफ निघाली. सात बायका, उरलेल्या मालाची खोकी आणि एक लहान लेकरू. रस्त्याच्या कडेला आम्ही पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिलो. एका एसटीने थांबून पाच जणींना आणि लेकराला घेतलं. मी, आमच्या एक मावशी आणि गाडी चालवणारा मावशींचा मुलगा टोचन मिळेपर्यंत तिथेच बसलो. त्या वेळी मावशी म्हणाल्या, "पोरी, या गाडीत आपले एकूण किती गेले गं?"

मला सांगता आलं नाही. गटाचा हिशोब माझ्याकडे, आणि मला सांगता आलं नाही.

वहीत काय लपलं होतं

आपण सगळ्या गटांमध्ये पंचसूत्री शिकतो : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. लेखे मी नियमित लिहीत होते. पण गाडीचा खर्च मी "प्रवास खर्च" या खात्यात टाकत होते. नऊशे रुपये, पंधराशे रुपये, असे तुकडे. त्याच खात्यात एसटीचं तिकीट, त्याच खात्यात पेट्रोल. गाडी घ्यायचा आग्रह माझा होता. दर बैठकीत गाडीचं रडगाणं नको, असं मला वाटायचं. मी खोटं काही लिहिलं नाही, पण खरं दिसेल असंही लिहिलं नाही. ही माझी चूक.

तरी त्या रात्रीनंतरही मी लगेच बेरीज केली नाही. एक हेडचं काम झालं की गाडी नीट होईल, मग सांगू सगळ्यांना, असं म्हणत राहिले. ते काम झालं आणि तीन आठवड्यांत गाडी परत गरम व्हायला लागली. त्यातच एका रात्री गटातल्या एका ताईंच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि गाडी सुरूच होईना. १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका आली आणि बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण गाडी दारात असूनही उपयोगी पडली नाही, हे सगळ्या गावाने पाहिलं.

वर्ष भरलं तेव्हा बसून सगळ्या पावत्या काढल्या. बॅटरी ४,२००. होस पाइप ९००. रेडिएटरचे टाके १,५००. वॉटर पंप ३,४००. क्लच प्लेट ६,३००. सेल्फचं काम २,२००. थर्मोस्टॅट काढण्याचे ५००. हेडचं काम १४,५००. टोचनचे २,५००. एकूण ३६,००० रुपये. महिन्याला ३,०००.

मावशींनी दुसरा प्रश्न विचारला : "यातले गाडी गरम होण्यापायी किती गेले?" बॅटरी, क्लच आणि सेल्फ वगळून बेरीज केली. २३,३०० रुपये. एकाच दुखण्यासाठी आम्ही पाच वेळा औषध दिलं होतं, तेही दुखणं न ओळखता. टोचनचे पैसेही त्यातच आले.

गाडी गरम का होते

हे दुखणं आम्हाला नंतर एका जाणत्या मेकॅनिकने समजावलं. आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत ते असं आहे.

इंजिनमध्ये पेट्रोल जळतं, त्याची उष्णता बाहेर काढायला इंजिनच्या भोवती पाणी फिरतं. तापलेलं पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याने गार होतं आणि परत इंजिनकडे जातं. त्याला फिरवतो तो वॉटर पंप. थर्मोस्टॅट म्हणजे एक झडप. इंजिन गार असेल तोवर ती बंद राहते, तापलं की उघडते.

या पाण्यात कूलंट घालायचं असतं. कूलंटमुळे आत गंज धरत नाही आणि पाणी लवकर उकळतही नाही. आमच्या गाडीत आधीच्या मालकाने, आणि नंतर आम्हीही, बोअरचं साधं पाणी ओतलं. आपल्या बोअरच्या पाण्याने बंबाच्या आत पांढरा थर कसा धरतो, ते तुम्ही पाहिलं आहे. तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरला. नळ्या तुंबल्या, पाणी गार होईना. तापून दाब वाढला तेव्हा जो भाग कमजोर होता तो फुटला. आधी पाइप फुटला, मग टाके घातलेली जागा गळली. आम्ही फुटलेला भाग बदलत गेलो आणि तुंबलेला रेडिएटर तसाच राहिला. थर्मोस्टॅट काढून टाकणं हाही उपाय नव्हता. झडप नसली की इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त लागतं, आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे राहतं.

शेवटी हेडचं पॅकिंग गेलं. इंजिनचा खालचा भाग आणि वरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ पॅकिंग असतं. कुकरच्या झाकणातल्या रबरी रिंगसारखंच त्याचं काम. रिंग गेली की वाफ बाजूने निघते आणि शिट्टी होत नाही. हेडचं पॅकिंग गेलं की पाणी तेलात आणि तेल पाण्यात जाऊ शकतं. गाडी फार तापली असेल तर हेडच वाकतं. वाकलेलं हेड मशीनवर सपाट न करता नवं पॅकिंग टाकलं, तर वाकड्या झाकणाला नवी रिंग लावल्यासारखं होतं. टिकत नाही.

म्हणून ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा. सकाळी गाडी सुरू करण्याआधी, इंजिन गार असताना, कूलंटची बाटली बघा. पातळी वरचेवर खाली जात असेल तर ते कुठेतरी जातंय. नुसतं भरत राहू नका, कुठे जातंय ते शोधायला लावा. तेलाची पट्टी काढून बघा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी चालवू नका, मेकॅनिकला बोलवा. इंजिन तापल्यावरही मागून पांढरा धूर येतच राहिला, तरी तेच. रस्त्यात काटा लाल रेघेकडे गेला तर "पुढच्या गावापर्यंत नेऊ" असं म्हणू नका. तिथेच थांबवा. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं. चांगलं गार होऊ द्या, मगच हात लावा.

गॅरेजमध्ये काय विचारायचं

आपण बायका गॅरेजमध्ये गेलो की गप्प उभ्या राहतो. गाडीतलं आपल्याला कळत नाही, असं समोरच्यालाही वाटतं आणि आपल्यालाही. पण पिठाची गिरणी बिघडली तर आपण विचारतोच ना? इथेही विचारा.

पहिला प्रश्न : हा भाग का खराब झाला? "जुना झाला" हे एक उत्तर असू शकतं. पण तोच त्रास दुसऱ्यांदा आला असेल तर कारण सांगायलाच लावा.

दुसरा : काम सुरू करण्याआधी खर्चाचा अंदाज लिहून द्या. सामानाचे किती आणि मजुरीचे किती, ते वेगवेगळं. मध्येच काही वाढलं तर आधी फोन करा, मग काम करा.

तिसरा : काढलेला जुना भाग परत द्या. तो घरी नेऊन काय करायचा ते नंतर बघू. पण भाग खरंच बदलला हे त्यावरून कळतं.

चौथा : पक्कं बिल द्या, आणि कामाची हमी किती दिवसांची ते त्यावर लिहा. आमच्या हेडच्या कामाचे १४,५०० रुपये आम्ही कागदाच्या चिठ्ठीवर दिले. काम तीन आठवड्यांत बिघडलं तेव्हा आमच्या हातात काहीच नव्हतं. गॅरेजवाले म्हणाले, तुम्हीच पाणी न बघता गाडी चालवली. ते खरं की खोटं, ते आम्हाला सिद्ध करता आलं नाही.

बिल असेल तर रस्ता आहे. पैसे घेऊन काम नीट केलं नाही, तर ग्राहक म्हणून तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही. पण आधी स्वतःकडचे कागद सांभाळा.

लक्ष्मणरेषा कुठे आखायची

जाणत्या मेकॅनिकने गाडी तपासून २२,००० रुपयांचा अंदाज दिला. नवा रेडिएटर, हेड पुन्हा, आणि बाकी किरकोळ. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "एवढं करून गाडी गरम होणं थांबेल. पण इंजिनचं वय झालंय, वर्षभर दुसरं काही निघणार नाही असं मी म्हणणार नाही."

बैठकीत दोन तट पडले. खजिनदार ताई म्हणाल्या, "३६,००० घातलेत. आता सोडली तर ते पाण्यात. आणखी २२,००० घालू आणि गाडी धड करू." बऱ्याच जणींना ते पटत होतं. मलाही पटत होतं, कारण गाडी सोडणं म्हणजे माझा फळ्यावरचा हिशोब चुकला हे कबूल करणं.

तेव्हा मावशी बोलल्या. त्या अंगठा लावतात, पण त्यांच्या गोठ्यात चाळीस वर्षं म्हशी आहेत. त्या म्हणाल्या, "भाकड म्हैस आपण पोसतो, ती गाभण असेल तर. पुढं दूध देणार म्हणून पोसतो. मागं तिनं किती वैरण खाल्ली म्हणून कुणी पोसत नाही."

मैत्रिणींनो, मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे. गेलेले ३६,००० गाडी ठेवली तरी गेले आणि विकली तरी गेले. ते आता हिशोबात धरायचे नाहीत. इथून पुढे काय, एवढंच बघायचं.

मग आम्ही फळ्यावर नवा हिशोब मांडला. या वेळी आधी विसरलेल्या गोष्टीही धरल्या. तीन फेऱ्यांचं पेट्रोल २,१००. चालवणाऱ्याला फेरीला ३०० प्रमाणे ९००. विमा, पीयूसी वगैरे वर्षाला ७,२००, म्हणजे महिन्याला ६००. झाले ३,६००. भाड्याच्या टेम्पोला महिन्याला ४,८०० लागतात, चालकासकट. म्हणजे गाडी एकही दिवस बिघडली नाही, तरी महिन्याला वाचणार १,२००. वर्षाला १४,४००.

ही आमची लक्ष्मणरेषा. वर्षाची दुरुस्ती १४,४०० रुपयांच्या आत राहिली, तर गाडी ठेवणं बरं. त्याच्या वर गेली, तर गाडी आपल्याला पोसत नाही, आपण गाडीला पोसतोय. आमचे गेले होते ३६,०००. नवं काम २२,००० चं, म्हणजे एका फटक्यात रेषेच्या पार.

दुसरा आकडा विक्रीचा. आहे तशी गाडी ४८,००० ला जात होती. दुरुस्त करून ६५,००० पर्यंत गेली असती. म्हणजे २२,००० घालून १७,००० वाढणार होते. पाच हजारांचा आणखी खड्डा.

तुमच्या गटाचे आकडे वेगळे असतील. तुमच्या रोज फेऱ्या होत असतील, तुमच्या गावात भाड्याचा टेम्पो मिळतच नसेल, तर तुमची रेषा वर जाईल आणि दुरुस्ती करणंच शहाणपणाचं ठरेल. दुरुस्तीने मूळ कारण जात असेल आणि खर्च रेषेच्या आत असेल, तर जरूर करा. पण रेषा आधी आखा, गाडी रस्त्यात उभी असताना नको. तेव्हा कुणालाच नीट हिशोब सुचत नाही.

विकताना आणि घेताना

आम्ही गाडी विकली. घेणाऱ्याला गरम होण्याचा त्रास सांगून विकली, म्हणून दोन-तीन हजारांची घासाघीस झाली आणि ४६,००० आले. आपल्याला जे लपवून विकलं गेलं ते आपण दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं नाही, असा ठरावच केला होता.

विकताना एक गोष्ट चुकवू नका. पैसे मिळाले, चावी दिली, म्हणजे संपलं असं नाही. आरसीवर नाव आहे तोवर कागदोपत्री मालक आपणच. पुढे अपघात झाला किंवा चलन आलं, तर ते अध्यक्ष काकूंच्या दारात येणार. फॉर्म २९ आणि ३० भरून १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. नव्या मालकाच्या नावाची आरसी डोळ्यांनी बघेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

आणि घेणार असाल, तर रंगावर जाऊ नका. सांगून जा, पण बोनेटला आधी हात लावून बघा. आम्ही गेलो तेव्हा इंजिन गरम होतं, मालकाने आधीच सुरू करून ठेवलं होतं. गार इंजिन कसं सुरू होतं ते आम्हाला बघायलाच मिळालं नाही. रेडिएटरमधलं पाणी गंजासारखं लाल दिसलं, तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली, तर परत फिरा. गाडी सपाटीवर नको, चढावर चालवून बघा, तीही माणसं बसवून. मेकॅनिक आपला न्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. आरसी, विमा, पीयूसी आणि थकलेली चलनं बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यातली किती उरली तेही बघा. आणि पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने लावून दुरुस्तीचा खर्च काढू, असा विचार करू नका. तसं भाडं घेता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा अडतो.

गाडी घेतलीच, तर पहिल्या दिवशी तिची वेगळी वही करा. तारीख, किलोमीटर, काय बिघडलं, का बिघडलं, किती गेले. दर बैठकीत शेवटची बेरीज मोठ्याने वाचा. पाच मिनिटं लागतात.

आता आमचा माल ठरवलेल्या एका टेम्पोने जातो. बायका एसटीने जातात, अर्ध्या तिकिटात. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर १०८ चा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये आहे. गाडीसाठी काढलेल्या कर्जातलं थोडं अजून बाकी आहे, ते दर महिन्याला फेडतोय. ते आता "गाडी" या नावानेच लिहिते, "प्रवास खर्च" म्हणून नाही. मावशी दर बैठकीत विचारतात, "किती राहिले?" आणि आता मला सांगता येतं.

तुमच्या गटात गाडी असेल, तर या आठवड्यात पावत्या काढून बेरीज करा. कितीही आली तरी सगळ्यांसमोर वाचा. पुन्हा भेटू. नमस्कार.